सँट्रो घाटात गरम झाली की बंद पडते, क्रँक सेन्सर स्वस्तात पण खात्रीचा कुठे मिळेल?

कृष्णाकाठ, सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमची २००८ ची सँट्रो झिंग आहे, पेट्रोल, गॅस किट नाही, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतली होती. बाबा आता नाहीत, गाडी मी चालवते, रोज वाईहून पाचगणीला शाळेत आणि महिन्यातून दोनदा आईला साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. २०२३ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा पाच हजार फी भरून आरटीओचं पासिंग परत करून घेतलंय, म्हणजे गाडी ठेवायचीच आहे.

तर दोन महिन्यांपासून असं होतंय की पसरणी घाट निम्मा चढला की कसलाही झटका न देता इंजिन सरळ बंद. सेल्फ फिरतो पण गाडी घेत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू, जसं काही झालंच नाही. गेल्या गुरुवारी आई बरोबर होती आणि नेमकी वळणावर बंद पडली, मागे एसटी होती, ड्रायव्हरदादांनी स्वतः उतरून गाडी कडेला ढकलायला मदत केली, त्यांचे फार उपकार. आई त्या दिवसापासून गाडीत बसायला घाबरते.

आतापर्यंत प्लग, पेट्रोल फिल्टर आणि ३४०० चा फ्युएल पंप बदलून झाला, फरक शून्य. एका सर्व्हिस सेंटरने ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सर दोन्ही बदला, २६ हजार लागतील म्हणून सांगितलं. दुसऱ्या गॅरेजवाल्याने फक्त क्रँक सेन्सर, मजुरीसकट ४२०० सांगितले. ऑनलाईन बघितलं तर तोच सेन्सर ३०० पासून २४०० पर्यंत, फोटो सगळ्यांचे सारखेच. मला यातलं काही कळत नाही. पैसे एकदाच घालवायचेत, कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

---

उद्यमनगर_मिस्त्री, सोमवार रात्री १०:२५

ताई, २६ हजार अजिबात देऊ नका. कोल्हापुरात २२ वर्षं गॅरेज चालवतोय, ईसीएम गेलेला असता तर गार झाल्यावर इतका शहाण्यासारखा वागला नसता, जातो तेव्हा बहुतेक एकदाच जातो. तुम्ही सांगताय ती लक्षणं क्रँक सेन्सरची वाटतात, पण वाटतं म्हणून पार्ट बदलायचा नाही, तसा पंप बदलून झालाच की तुमचा.

आधी हा सेन्सर करतो काय ते सांगतो म्हणजे पुढचं समजेल. फ्लायव्हीलच्या बाजूला दात असलेली एक चकती फिरते, बऱ्याच गाड्यांत साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर तिच्यासमोर अगदी जवळ बसवलेला असतो, दात समोरून गेला की छोटा पल्स तयार होतो, आणि ती गाळलेली जागा आली की ईसीएमला कळतं की पिस्टन आत्ता कुठे आहे. हा पल्स बंद झाला की ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो स्पार्क पण देत नाही आणि इंजेक्टर पण उघडत नाही. म्हणून झटके न देता सरळ बंद. आत बारीक तांब्याच्या तारेची कॉइल असते, वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेने तार कुठेतरी तुटते, गार असताना टोकं चिकटलेली आणि तापून फुगली की सुटलेली. वीस मिनिटांचं गणित ते आहे.

आता बंद पडेल तेव्हा तीन गोष्टी बघा.

एक, चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाचा घूंऽ आवाज येतो का.
दोन, मेकॅनिक बरोबर असेल तर प्लगला स्पार्क आहे का. पंप गेला तर स्पार्क असतो, क्रँक सेन्सर गेला तर स्पार्क नसतो. हा एवढा एक फरक बघितला असता तर तुमचे ३४०० वाचले असते.
तीन, तुमच्या मॉडेलला आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना तो जागचा हलतो का. सेन्सर चांगला असेल तर दोन-अडीचशेवर थोडा तरी उठतो.

गाडी गॅरेजला उभी करून तापवायची, घाटात प्रयोग करायचा नाही. आईंना घेऊन तर नाहीच.

---

चारचाकी_पुणे, मंगळवार सकाळी ८:०५

मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, तो पण बघा एकदा. उंचीवर हवा विरळ होते, पाचगणीच्या बाजूला मॅपचं रीडिंग चुकलं तर मिक्श्चर बिघडतं. माझ्या जुन्या झेनला असंच झालं होतं, घाटात दम टाकायची.

---

उद्यमनगर_मिस्त्री, मंगळवार सकाळी ९:१५

पुणेकर, मॅप बिघडला तर गाडी काळा धूर काढेल, मिसिंग मारेल, पेट्रोल जास्त पिईल, पण अशी चावी फिरवल्यासारखी सहसा बंद पडणार नाही. तरी तपासायला सोपं आहे म्हणून सांगतो. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर मॅपचा आकडा बघायचा. इंजिन फिरत नसताना त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे. समुद्रकाठी १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या जवळ, महाबळेश्वरला ८६-८७. वाईत उभं राहून तो ७० दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग खराब. एक पैसा खर्च नाही यात.

---

नवीगाडी_घ्या, मंगळवार दुपारी १:३०

ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १७ वर्षांच्या गाडीवर किती खर्च करणार? आज सेन्सर, उद्या स्टिअरिंग रॅक. विकून टाका आणि थोडे पैसे घालून सेकंडहँड दहा वर्षांची घ्या.

---

कृष्णाकाठ, मंगळवार संध्याकाळी ६:५०

राग नाही दादा. पण हिशोब केला मी. विकायला गेलं तर पन्नास-साठ हजार पण कोण देईना, आणि दहा वर्षांची बरी गाडी घ्यायची तर वर दोन लाख लागतील. बॉडीला गंज नाही, टायर नवीन, ॲव्हरेज अजून १५ देते. चार हजाराच्या दुखण्यासाठी दोन लाखांचं कर्ज मला नाही परवडत. आणि बाबांनी तिच्या प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती फाईलला लावून ठेवलीये. ती गाडी रस्त्यात बंद पडते म्हणून देऊन टाकायला मन होत नाही.

मिस्त्रीदादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. ओळखीच्या वायरमनकडे गाडी नेली, अर्धा-पाऊण तास एसी लावून जागेवर चालू ठेवली आणि पडली बंद. पंपाचा आवाज येतो, स्पार्क नाही, काटा शून्यावर. मग त्याने सेन्सरवर गार पाण्याने भिजवलेलं फडकं दाबून धरलं, सात-आठ मिनिटांत गाडी चालू! मला तर रडायलाच आलं, दोन महिने काय चाललं होतं ते डोळ्यासमोर दिसलं. स्कॅनर लावला तर कोड पी०३३५ आला.

---

उद्यमनगर_मिस्त्री, मंगळवार रात्री ८:१०

पी०३३५ म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किट म्हणतोय तो, नुसता सेन्सर नाही, त्यात वायर आणि ती सेन्सरला जोडणारा कपलर पण आले. पण फडक्याने चालू झाली म्हणजे बिघाड तिथेच जवळपास आहे. वायरमन चांगला आहे तुमचा, त्याला सोडू नका.

---

पेठेतला_पुणेकर, मंगळवार रात्री ११:००

आता खरेदीचं मी सांगतो, माझं स्वतःचं दुकान नाही पण नाना पेठेत वीस वर्षं पार्ट उचलतोय.

सगळ्यात आधी पार्ट नंबर. सँट्रोचा क्रँक सेन्सर द्या असं म्हटलं की दुकानदार समोर जो असेल तो देतो. ह्युंदाईचे पार्ट नंबर दहा आकड्यांचे, पाच आणि पाच. पहिले पाच म्हणजे पार्ट कोणता ते, ३९१८० म्हणजे क्रँक सेन्सर, ३९२१० ऑक्सिजन, ३९३५० कॅम, ३९२२० कूलंट टेंपरेचर. पुढचे पाच म्हणजे कोणत्या इंजिनाचा ते. सँट्रोमध्ये वेगवेगळ्या वर्षांत इंजिनं बदललीत त्यामुळे पहिले पाच जुळले म्हणून पैसे देऊ नका, पुढचे पाच जुळले पाहिजेत. जुना सेन्सर काढल्यावर अंगावर नंबर कोरलेला असतो, तेल-मातीने झाकला असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसा, दिसतो. नाहीतर आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरला जा, ते कॅटलॉगमध्ये बघून सांगतात.

दुसरी गोष्ट, आणि ही बऱ्याच जणांना माहीत नसते: सर्व्हिस सेंटरचं वर्कशॉप आणि पार्ट काउंटर वेगवेगळं धरा. वर्कशॉपमध्ये गाडी घातली की तपासणी, मजुरी, कन्झ्युमेबल असं सगळं बिलात चढतं. काउंटरला किंवा मोबिसच्या (ह्युंदाईचे ओरिजिनल पार्ट देणारी कंपनी) डिस्ट्रिब्युटरकडे नुसता पार्ट मागितला की पाकिटावर छापलेली एमआरपी, बस. बऱ्याचदा ओरिजिनलची एमआरपी लोकल गॅरेजवाला सांगतो त्याच्या निम्मी निघते. लोक ओरिजिनल म्हणजे महागच असणार असं धरून विचारतच नाहीत, इथेच पैसे जातात.

मारुतीवाल्यांना पण हेच, एमजीपी म्हणजे मारुती जेन्युइन पार्ट्सच्या काउंटरला विचारायचं.

---

कुर्ला_डेपो, बुधवार सकाळी ७:४५

मुंबईकडचं सांगतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्या खोलणारे आहेत, सँट्रो ढिगाने येतात तिथे. सेन्सर दीडशे-दोनशेला मिळेल. पुण्यात जुन्या बाजारात पण मिळायला हरकत नाही. गरज असेल तर मी शनिवारी जाणारच आहे, बघून ठेवतो.

---

उद्यमनगर_मिस्त्री, बुधवार सकाळी ९:००

कुर्लेकर तुमची मदत करायची भावना चांगली आहे पण क्रँक सेन्सर भंगारातला घेऊ नका ताई. तो सेन्सर उष्णतेने आणि वयाने मरतो, आणि भंगारातली सँट्रो पण तुमच्या गाडीच्याच वयाची. आज चालेल, मे महिन्यात परत घाटात उभं करेल. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं तेच, जुना घेणं म्हणजे वापरलेली मेणबत्ती विकत घेणं.

भंगारातून काय घ्यावं ते पण सांगतो, मी स्वतः घेतो. थ्रॉटल बॉडी, मॅप सेन्सर, ब्रॅकेट, कव्हर, आणि कपलर. ईसीएम घेणार असाल तर इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला चावीचं जुळवणं करावं लागतं, ते माहीत असल्याशिवाय हात लावू नका.

---

ऑरेंजसिटी, बुधवार दुपारी २:२०

विषय निघालाच आहे तर विचारतो, माझ्या २००७ च्या वॅगन आरला ऑक्सिजन सेन्सर गेलाय, ओरिजिनल महाग आहे, चार वायरचा युनिव्हर्सल लावला तर चालतो का? नागपुरात मेकॅनिक म्हणतो वायरी कापून सोल्डर मारू.

---

उद्यमनगर_मिस्त्री, बुधवार दुपारी ३:४०

चालतो, झिर्कोनियावाला असेल तर. बॉशच्या युनिव्हर्सलमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी सिग्नलच्या अर्थची. तुमच्या जुन्या सेन्सरचे रंग वेगळे असू शकतात तेव्हा नुसते रंग बघून जोडू नका, हीटरची जोडी मीटरने शोधा. आणि सोल्डर नको भाऊ. हा सेन्सर तुलनेसाठी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत ओढून घेतो, सोल्डरने ती वाट बंद होते आणि रीडिंग चुकायला लागतं. क्रिंप करून वर हीटश्रिंक. बसवल्यावर चालू गाडीत सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली व्हायला पाहिजे, एका जागी चिकटून राहिला तर काहीतरी चुकलंय.

---

कृष्णाकाठ, पुढच्या आठवड्यात, शुक्रवार रात्री १०:१५

मंडळी, वाईट बातमी. सांगायला लाज वाटते पण खरं सांगते म्हणजे बाकीच्यांना उपयोग होईल. तुमचा सल्ला वाचला होता, पण शाळेला सुट्टी मिळेना आणि एका दुकानदाराने लोकल पण एकदम ओरिजिनलसारखाच म्हणून ४५० ला दिला, मी घेतला. नऊ दिवस गाडी छान चालली. आज दुपारी घाट उतरताना, चढताना पण नाही, उतरताना बंद. आणि स्टिअरिंग जड झालं, ब्रेक कडक झाला. हँडब्रेक लावून कशीबशी थांबवली. मी एकटीच होते हे नशीब. टोचन करून गाडी घरी आणली, त्याचेच १२०० गेले.

चूक माझी आहे, घाई केली. आता सांगा काय करू.

---

उद्यमनगर_मिस्त्री, शुक्रवार रात्री १०:४०

ताई तुम्ही सुखरूप आहात ना, मग बाकी सगळं दुरुस्त होतं. आणि एक लक्षात ठेवा, उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक सारखा सारखा पंप करायचा नाही, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरती व्हॅक्यूम शिल्लक असते, एकदाच घट्ट दाबून धरायचा आणि गाडी गिअरमध्येच ठेवायची. चावी पूर्ण काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

आता पार्टबद्दल. नऊ दिवस चालली म्हणजे निदान बरोबर होतं, माल खोटा होता, किंवा कपलर. जुना सेन्सर टाकला नाही ना? वायरमनला सांगा जुना, लोकल दोन्ही मीटरवर गार आणि गरम मोजायला. आणि कपलर उघडून आतल्या पिना बघायला, लॉक तुटलंय का, रबराचा सील आहे का, वायर वाकवली की इन्सुलेशनला तडे दिसतात का.

---

कृष्णाकाठ, रविवार दुपारी १२:३०

जुना फाईलबरोबरच ठेवला होता, बाबांची सवय. मोजलं. जुना गार असताना ५४० ओहम, हेअर ड्रायरने चार-पाच मिनिटं गरम केल्यावर मीटर काहीच दाखवेना, म्हणजे सर्किट तुटलं. गार झाल्यावर परत ५४०. तुम्ही सोमवारी लिहिलं होतं ते जसंच्या तसं मीटरवर दिसलं.

लोकलवाला गार ७९०, गरम केल्यावर आकडा नुसता नाचतो. आणि त्याचं नाक जुन्यापेक्षा थोडं आखूड आहे, शेजारी ठेवल्यावर कळलं. कपलरचं लॉक पण तुटलेलं निघालं, आधीच्या कोणीतरी केबल टायने बांधून ठेवलं होतं.

तीन पिना आहेत, वायरमन म्हणाला तीन असल्या की हॉल सेन्सर (कॉइलऐवजी चिप असलेला) असतो, पण मग ओहम कसे आले?

---

उद्यमनगर_मिस्त्री, रविवार दुपारी १:१०

तीन पिना म्हणजे हॉलच असं नाही. दोन कॉइलच्या आणि तिसरी वायरीभोवतीच्या जाळीची, म्हणजे शिल्डची, असं पण असतं, तुमचा तसाच निघाला. हॉलवाल्याला ओहम मोजून काही कळत नाही, उलट मीटर लावून खराब व्हायची भीती.

नाक आखूड म्हणजे चकतीपासूनचं अंतर वाढलं, अंतर वाढलं की पल्स बारीक, वर कॉइल वेगळी. उतारावर आरपीएम कमी झाला तिथे पल्स पुरला नसणार. आता ओरिजिनलच घ्या. कपलर भंगारातला चालेल, वीतभर वायरीसकट कापून आणायचा.

---

कुर्ला_डेपो, रविवार संध्याकाळी ५:२०

कपलर मी पाठवतो ताई. आज सकाळीच तिकडे होतो, लॉक शाबूत असलेला, सील असलेला बघून आणलाय, वायर एक वीत. ५० रुपये पडले, ते राहू द्या. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका, कुरिअर करतो.

---

पेठेतला_पुणेकर, रविवार संध्याकाळी ६:००

आणि सेन्सर मी बघतो. जुन्यावरचा पूर्ण नंबरचा फोटो निरोपात पाठवा. पाकीट उघडण्याआधी होलोग्राम आणि एमआरपीचं लेबल तपासून घेतो, पक्कं बिल तुमच्या नावाने घेतो.

---

कृष्णाकाठ, तीन आठवड्यांनी, शनिवार रात्री ९:००

उशीर झाला लिहायला, मुद्दाम थांबले होते, परत घाईने बरं झालं म्हणायचं नव्हतं.

ओरिजिनल सेन्सर १२८० ला मिळाला, एमआरपीनेच, पक्क्या बिलासकट. कपलर बसवायला आणि सेन्सर लावायला वायरमनने ३५० घेतले. बसवायच्या आधी त्याने सेन्सरची जागा पुसली, लोकलवाल्याच्या चुंबकावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला निघाला तो पण दाखवला. नवीन सेन्सर गार असताना ५५० ओहम, गरम केल्यावर थोडा वाढला पण तुटला नाही. एकूण १६३०. सर्व्हिस सेंटरने सांगितलेले २६ हजार आठवले की अजून पोटात गोळा येतो.

अठरा दिवस झाले, रोज पसरणी चढून उतरून. काल भर दुपारी एसी लावून मुद्दाम आईला घेऊन गेले. आई पहिली दोन वळणं दाराचं हँडल धरून बसली होती, नंतर हँडल सोडून शेंगा सोलायला लागली.

मिस्त्रीदादा, पेठेतले दादा, कुर्ल्याचे दादा, तुम्हा तिघांना मी कधी भेटले नाही. कपलरच्या पाकिटात रबराचा एक जास्तीचा सील ठेवला होता, तो वायरमनने वापरला. खूप खूप आभार. बाबांच्या फाईलला बिल लावलंय आणि मागे तुमची नावं लिहिलीत.

---

नवीगाडी_घ्या, शनिवार रात्री ९:४५

ताई, मी विका म्हटलं होतं, तुमचं बरोबर होतं. मनापासून आनंद झाला वाचून.

---

भीमाकाठ, रविवार सकाळी १०:१०

सगळा धागा वाचला, पंढरपूरहून लिहितोय. माझी पण सँट्रो आहे पण २००४ ची, तेच दुखणं. ताईंचा पूर्ण पार्ट नंबर मिळाला तर सरळ तोच मागवू का?

---

पेठेतला_पुणेकर, रविवार सकाळी ११:३०

नको, २००४ आणि २००८ मध्ये फरक असू शकतो. तुमचा जुना सेन्सर काढून त्यावरचे पुढचे पाच आकडे वाचा, नाहीतर आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन सोलापूरच्या काउंटरला विचारा. आणि त्याआधी ओल्या फडक्याची टेस्ट करून घ्या.